माईंचा तोल आणि तो व्हीआरचा चष्मा

मीनू, तो व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा, चष्मा अजून मागवू नकोस. तुझ्या दिराला सांग, दोन महिने थांब. त्याचा हेतू चांगलाच आहे. आई नाशकात पडते आणि आपण सातासमुद्रापलीकडे, म्हणजे निदान काहीतरी पाठवावं असं त्याला वाटणारच. त्याने वाचलंय तेही खोटं नाही. व्हीआरच्या सरावाने वयस्कर माणसांचा तोल सुधारतो, विसर पडायला लागलेल्यांचाही सुधारू शकतो. फिजिओ म्हणून मी हे काम जवळून बघते आणि मला ते मनापासून आवडतं. पण कुठल्या प्रकारचं व्हीआर, कुणाच्या देखरेखीखाली आणि माईंचा विसर आज कुठल्या पायरीवर आहे, यावर सगळं अवलंबून आहे. परवा फोनवर माई शेजारीच बसल्या होत्या, त्यामुळे तुला मोकळेपणी विचारता येईना आणि मलाही सांगता येईना. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी माई पडतात का, ते समजून घे. तू म्हणतेस, 'ताई, गुडघे तर बरे आहेत त्यांचे, मग पडतात कशा?' अगं, तोल सांभाळायचं काम एकट्या गुडघ्यांचं नसतं. डोळे सांगतात समोर काय आहे, कानाच्या आतलं यंत्र सांगतं डोकं कुठे कललंय, तळपाय आणि घोटे सांगतात जमीन कशी आहे. या तीन ठिकाणच्या बातम्या मेंदू एकत्र करतो आणि क्षणाक्षणाला स्नायूंना हुकूम सोडतो. तरुणपणी हे आपोआप होतं. वय वाढलं की त्यात लक्ष घालावं लागतं. आणि ज्यांच्या मेंदूला लक्ष वाटून देणंच अवघड जातंय, त्यांचं चालणं तिथे अडतं.

तूच मला सांगितलं होतंस ना, माई हातात वाटी घेऊन देवघराकडे निघाल्या होत्या, तू ओट्यापासून विचारलंस, 'माई, दुधात साखर घालू का?' आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. 'घाल थोडी' म्हणाल्या आणि मग पुढे चालायला लागल्या. तुला वाटलं, ऐकू कमी येतंय. मला ते ऐकून धस्स झालं होतं. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये नेमकं हेच मांडलं. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांबरोबर ते चालता चालता गप्पा मारायला लागले. त्यातले १२ जण उत्तर देण्यासाठी थांबले. त्या १२ पैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. लहानसा अभ्यास होता, पण त्यानंतर आमच्या क्षेत्राची नजरच बदलली. आम्ही फक्त पायांची ताकद बघायचो, ते सोडून 'हा माणूस चालताना दुसरं काही करू शकतो का' हे बघायला लागलो.

विसर पडणारी माणसं इतर समवयस्कांच्या जवळजवळ दुप्पट पडतात. वरवर बघता नवल वाटतं, कारण त्यांना नाव आठवत नाही, तारीख आठवत नाही, त्याचा पायांशी काय संबंध? पण जो मेंदू नाव शोधताना दमतो, तोच मेंदू ओल्या फरशीवर पाऊल कुठे टाकायचं तेही ठरवत असतो. म्हणून घरातल्या माणसांसाठी पहिला नियम मी असा सांगते: माई चालत असताना लांबून हाक मारायची नाही, प्रश्न विचारायचा नाही, फोन हातात द्यायचा नाही. जवळ जायचं, समोरून यायचं, त्या थांबल्या की बोलायचं. हे आजपासून कर. याला पैसे लागत नाहीत. मुलांनाही समजावून सांग, 'आजी चालत असली की आजीशी बोलायचं नाही' असं. मुलं असले नियम फार इमानदारीने पाळतात.

आता व्हीआरकडे येते. रोजच्या जगण्यात चालताना बोलणं आपण टाळायचं, पण सराव करताना तेच मुद्दाम आणायचं, सुरक्षित जागेत, आधार लावून, थोडं थोडं. व्हीआरचा उपयोग मला इथेच दिसतो. जे माईंना घाबरवतं, म्हणजे वाटेत आलेली वस्तू, अरुंद जागा, मध्येच काहीतरी लक्ष वेधून घेणं, ते सगळं खोट्या वाटेवर आणायचं आणि खऱ्या पायांनी पार करायला लावायचं. पडायची भीती नाही, पण मेंदूला काम खरंच पडतं.

तुझ्या दिराने जी बातमी वाचली असेल, तिच्या मुळाशी बहुधा 'व्ही-टाइम' नावाचा अभ्यास असणार. तेल अवीवच्या अनात मिरेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पाच देशांत मिळून केला: इस्राएल, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि इंग्लंड. २०१६ साली तो 'लॅन्सेट'मध्ये आला. ६० ते ९० वयाची ३०२ माणसं घेतली होती, प्रत्येक जण आधीच्या सहा महिन्यांत निदान दोनदा पडलेला. अर्ध्यांना नुसत्या ट्रेडमिलवर चालवलं. अर्ध्यांना ट्रेडमिलवरच, पण समोर मोठा पडदा. कॅमेरा त्यांच्या पायांची हालचाल टिपायचा आणि पडद्यावर त्यांचीच पावलं दिसायची, वाटेत अडथळे, मध्येच दुसरी वाट फुटणार, लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी येणार. पाऊल कमी उचललं तर पडद्यावर लगेच कळणार. आठवड्यातून तीनदा, पाऊण तासाच्या आसपास, असं सहा आठवडे.

मग पुढचे सहा महिने कोण किती पडतं ते मोजलं. पडदा असलेल्या गटात आधी सहा महिन्यांत सरासरी ११.९ वेळा पडणं होतं, ते ६ वर आलं. नुसत्या ट्रेडमिलच्या गटात १०.७ वरून ८.२७. आकडे एवढे मोठे बघून दचकू नकोस, त्यात पार्किन्सनचे बरेच रुग्ण होते आणि ते पुन्हा पुन्हा पडतात, म्हणून सरासरी वर जाते. दोन्ही गट तेवढाच वेळ चालले होते, तेवढाच घाम गाळत होते. फरक पडला तो पायांबरोबर डोक्यालाही कामाला लावल्यामुळे. मला या अभ्यासाचं मोल वाटतं ते म्हणूनच. तोलाचे गुण वाढले, एवढ्यावर ते थांबले नाहीत, माणसं खरोखर कमी पडली का तेही त्यांनी मोजलं. बरेचसे अभ्यास गुणांवरच थांबतात.

पण तुला माझी बहीण म्हणून पुढची गोष्टही सांगायला हवी. त्या अभ्यासात हिशेबात धरलेल्या २८२ जणांपैकी सौम्य विसर असलेले फक्त ४३ होते. सौम्य म्हणजे विसर पडतो, चाचणीत दिसतो, पण माणूस आपलं आपण आवरतो, पैसे मोजतो, दुकानात जाऊन येतो. ज्यांचा डिमेन्शिया पुढे गेलाय, म्हणजे सूचना दिली तर दोन मिनिटांत पुसली जाते, अशांना त्यात घेतलेलं नव्हतं. अशा रुग्णांवर व्हीआरचे अभ्यास आहेत, पण छोटे छोटे. त्यांत तोल आणि चाल सुधारल्याचं बऱ्याचदा दिसतं. पडणं कमी होतं असं मात्र त्यावरून ठामपणे सांगता येत नाही. म्हणून माईंच्या बाबतीत पहिला प्रश्न हा की त्या आज कुठे आहेत? मेमरी क्लिनिकमध्ये किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे नीट चाचणी झालीय का? 'वय झालं, होतं असं' म्हणून फॅमिली डॉक्टरांनी सोडून दिलं असेल, तर तिथे थांबू नकोस. आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभरातल्या सातेक जणांना डिमेन्शिया आहे, २०२३ साली आलेल्या मोठ्या पाहणीत हा आकडा ७.४ टक्के होता, जवळजवळ ८८ लाख माणसं. पण किती घरांत त्याला नाव मिळतं? बहुतेक घरांत सून 'हल्ली माई हट्टी झाल्यात' एवढंच म्हणत राहते.

आता तो चष्मा. अभ्यासात होता तो पडदा, तो भिंतीवर किंवा मोठ्या स्क्रीनवर. तिथे माईंना आपली खोली दिसली असती, कठडा दिसला असता, शेजारी उभी असलेली मी दिसले असते. हेडसेट, म्हणजे तुझ्या दिराचा तो चष्मा, वेगळा. तो डोळ्यांवर चढला की खरी खोली गायबच होते. निरोगी माणसाला माहीत असतं की मी चष्मा घातलाय, हे खोटं आहे. विसर पडणाऱ्या माणसाला ते मध्येच आठवेनासं झालं तर? समोर दिसणाऱ्या खोट्या कठड्याला धरायला हात पुढे जाईल आणि हात हवेतच राहील. हेडसेट खोलीच्या कडेला आलात की जाळी दाखवून सावध करतो, पण त्या जाळीचा अर्थ लक्षात ठेवावा लागतो ना. आणि वजन बघ, मेटाचा क्वेस्ट ३ घेतलास तर अर्ध्या किलोच्या वर. एवढा भार माईंच्या मानेवर, वर अंबाड्यावरून जाणारा पट्टा, आत त्यांचा रोजचा चष्मा. मोतीबिंदू, मान दुखणं, ऐकायचं यंत्र, हे सगळं धरून विचार कर.

शिवाय गरगर होते. डोळे सांगतात 'आपण पुढे चाललोय', कान सांगतो 'आपण जागेवर आहोत', आणि मेंदूला मळमळायला लागतं. तरुणांनाही होतं हे. तोलाचा प्रश्न असलेल्या माणसाला चष्मा काढल्यावर पुढचा अर्धा तास जास्त सांभाळावं लागतं. ज्यांना पूर्वी फिट आलीय, ज्यांना नसलेली माणसं किंवा प्राणी दिसतात, अशांना तर मी हेडसेट लावूच देणार नाही. म्हणून घरी एकट्याने वापरायला हेडसेट पाठवण्याला, मला विचारशील तर, माझा स्वच्छ नकार. एखाद्या केंद्रात फिजिओ शेजारी उभा आहे, माई खुर्चीत बसून हातांचा किंवा मानेचा सराव करतायत, तिथे पाचच मिनिटं हेडसेट, याला मी हो म्हणेन.

पडद्यासमोरचा सराव मात्र मी बघितलाय आणि त्याची गंमत तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आजोबा यायचे. कमरेला पट्टा, वरून हार्नेस, पुढे पडदा. पडद्यावर पाण्याचं डबकं आलं की ते गुडघा असा उचलायचे की धोतराचा सोगा हाताने वर धरायचे. खऱ्या चिखलातून जाताना धरतात तसा. मी हार्नेसचा हुक लावताना दर वेळी मला विचारायचे, 'हे मशीन नवीन आणलंय का?' मी दर वेळी 'हो' म्हणायची. त्यांना आधीचा एकही दिवस आठवत नव्हता, पण पाय शिकत होते. पहिल्या आठवड्यात डबकं बघून ते थबकायचे, नंतर चाल न मोडता पाऊल लांब टाकायला लागले. करून करून अंगात मुरणारी गोष्ट, म्हणजे सायकल, पोळी लाटणं, जिना चढणं, ही वेगळ्या कप्प्यात असते. अल्झायमरमध्ये तो कप्पा बराच काळ शाबूत राहतो. म्हणून 'त्यांना काही आठवतच नाही, शिकवून काय उपयोग' असं कुणी म्हणालं तर मला राग येतो. शिकतात. फक्त शिकवायची रीत बदलावी लागते: एका वेळी एकच सूचना, तीही थोडक्यात, आधी आपण करून दाखवायचं, आणि सोप्या पायरीवरून सुरू करायचं, म्हणजे चूक व्हायला जागाच राहत नाही. चूक झाली की ती चूकच पायांत बसते. आणि 'काल सांगितलं होतं ना माई' हे वाक्य घरातून हद्दपार कर.

तुमच्याकडे पडद्यावर असा सराव करून घेणारं केंद्र मिळालं, तर जायच्या आधी तू एकटी जाऊन बघून ये. मशीन किती महागाचं, ते जाऊ दे. हार्नेस आहे का ते बघ. सराव चालू असताना माणूस शेजारी उभा राहतो की समोरच्या टेबलावर बसून फोन बघतो, ते बघ. सुरुवातीला माईंची तपासणी करतात का, म्हणजे तोलाची आणि स्मरणाची दोन्ही, की आल्या आल्या मशीनवर चढवतात? अडथळे कमी-जास्त करता येतात का? खेळ कसले आहेत? निन्टेन्डोच्या वी फिटमध्ये बर्फावरून स्कीइंग करायचा खेळ होता. पंचाहत्तरीच्या नाशिककर बाईला बर्फावर घसरण्यात काय गोडी वाटणार? बाजारातली वाट, पायऱ्या, टोपलीत काहीतरी वेचून ठेवणं, असं ओळखीचं असेल तर मेंदू लवकर रमतो. आणि मोठे फ्लॅश, दणदणीत आवाज नकोत. सकाळची वेळ माग. संध्याकाळी माईंचा गोंधळ वाढतो असं तूच म्हणालीस, मग त्या वेळेला नवीन जागा, नवीन माणसं, नवीन यंत्र नकोच.

'आमच्या व्हीआरने डिमेन्शिया बरा होतो' असं कुणी म्हणालं, तर पर्स उचल आणि सरळ बाहेर ये. तोल सुधारेल, चालण्यात आत्मविश्वास येईल, लक्ष देण्यात थोडा फरक पडेल, इथवर ठीक. त्यापुढचं कुणी सांगत असेल तर ते विकण्यासाठी आहे. दोन महिन्यांचं पॅकेज एकदम भरायला लावत असतील तरी आधी एकच दिवस करून बघायला माग. आणि सराव थांबला की फायदाही ओसरतो, हे आधीच धरून चल.

माईंनाही विचार. हे घरोघरी राहून जातं. मुलगा ठरवतो, सून घेऊन जाते, फिजिओ चढवतो, आणि ज्यांच्या अंगाला पट्टा बांधायचा त्या बाईला कुणी विचारतच नाही. विसर पडला म्हणून होकार-नकार संपत नाही. दर वेळी विचारायचं, कारण काल दिलेला होकार त्यांना आज आठवत नाही. 'नको' म्हणाल्या तर त्या दिवशी नको.

केंद्र नाहीच मिळालं, तरी निराश होऊ नकोस. व्हीआरमधला जो गाभा आहे, पाय आणि डोकं एकत्र, तो घरी जमतो. मात्र त्याआधी निदान एकदा फिजिओला घरी बोलाव, माईंना बघून त्याने ठरवून द्यावं. माझा अंदाज असा: ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलणं, मग एका पायावर क्षणभर उभं राहणं. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं. पॅसेजमध्ये फरशीवर खडूने रेघा आखून त्या ओलांडत चालणं. हे सोपं झालं, की मग त्याच चालण्यात डोक्याचं काम घालायचं: भाज्यांची नावं सांगत चला, माहेरच्या भावंडांची नावं सांगा, वाटीत चार शेंगदाणे घेऊन चला. तू किंवा तुझे यजमान सुधीरराव अगदी लागून, माईंच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला हात. दोघांपैकी कुणी नसेल तर त्या दिवशी डोक्याचं काम घालायचं नाही, नुसता ओट्याचा व्यायाम. माई थांबल्या, पाय घासायला लागल्या, की नाव सांगणं बंद, नुसतं चालणं. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या माणसांना तोल आणि ताकद दोन्हींचा व्यायाम आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस सांगते. रोज दहा मिनिटं जमली तरी चांगलं. व्यायामाने पडणं कमी होतं, यावर शंभरहून जास्त चाचण्यांचा एकत्र हिशेब २०१९ साली झालाय, पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटलं. त्यात मुख्यतः तोल आणि उठ-बसीचा साधा व्यायाम होता.

आता ज्या गोष्टींवर कुणी बातमी छापत नाही, त्या. माईंचं बीपी आडवं झोपवून घे, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घे. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर ते डॉक्टरांना सांगायचं. पहाटे उठून बाथरूमला जाताना पडणाऱ्या कित्येक बायकांचं कारण हेच असतं. त्यांची झोपेची गोळी कुठली, किती वर्षं चालू आहे? ती स्वतःहून बंद करू नकोस, पण डॉक्टरांना 'ही लागतेच का' असं स्पष्ट विचार. आयुष्यभर शाकाहारी आहेत, बी-१२ एकदा तपासून घे, ते कमी असेल तर पायांची जाणीवही जाते आणि विसरही वाढतो. शुगर असेल तर तळपाय बघ. डोळ्यांचा नंबर जुना आहे का? वरून लांबचं, खालून जवळचं दिसणारा चष्मा जिन्यावर दगा देतो, पायरी धूसर दिसते.

घराचंही बघ. बाथरूममध्ये कमोडजवळ आणि आंघोळीच्या जागी भिंतीत पक्के बसवलेले बार. टॉवेल टांगायच्या दांडीला धरतात आणि ती निखळते, म्हणून बार वेगळेच हवेत. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा. दारातलं पायपुसणं काढून टाक, घसरत नाही असं लिहिलेलं असलं तरी काढ. मागे पट्टा नसलेल्या सपाता बंद. मोरीतली फरशी आंघोळीनंतर कोरडी कर, माई आत जायच्या आधी. दिराला पैसे पाठवायचेच असतील तर हे सगळं करून घ्यायला पाठवू दे, आणि महिनाभर फिजिओ घरी यायला.

एक गोष्ट मला तुझ्याबद्दल सांगायचीय. मागच्या वेळी पडल्यापासून तू माईंना काही करूच देत नाहीस. 'तुम्ही बसा, मी आणते', 'तुम्ही उठू नका'. प्रेमच आहे ते, शिवाय लोक काय म्हणतील ही भीतीही आहे, सुनेच्या राज्यात सासू पडली असं. पण बसवून ठेवलं की मांड्यांची ताकद महिन्याभरात कमी होते, तोल आणखी बिघडतो, आणि पडायची भीती मनात घर करते. मग त्या भीतीनेच पाऊल आखडतं. पडायचं भय म्हणून बसवलेलं माणूस जास्त पडतं, हे मी इतक्या घरांत बघितलंय की तुझ्या घरात ते होऊ द्यायची माझी तयारी नाही. त्यांना देवघरात फुलं नेऊ दे, भाजी निवडून ताट ओट्यावर ठेवू दे. तू मागे राहा, हात लांब ठेव, पण काम त्यांचं त्यांना करू दे.

आणि तरीही एखाद्या दिवशी पडल्या, तर झटकन उचलायला धावू नकोस. तिथेच बसून आधी विचार, कुठे दुखतंय? पाय बाहेर वळलाय का, आखूड दिसतोय का, कंबरेखाली हात लावू देत नाहीत का? तसं असेल तर हलवायचं नाही, ॲम्ब्युलन्स बोलवायची. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर वरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल.

एकटीने सगळं ओढू नकोस. एआरडीएसआय ही संस्था १९९२ पासून डिमेन्शिया असलेल्यांच्या कुटुंबांसाठी काम करते, त्यांच्याकडे चौकशी कर. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, त्यावरही विचारता येतं. आणि सुधीररावांनी आठवड्यातले दोन दिवस सकाळचा व्यायाम स्वतः करून घ्यावा, असं मी त्यांनाच फोन करून सांगते. आई त्यांचीच आहे, आणि मेहुणीचं बोलणं त्यांना पटतं.

येत्या आठवड्यात एवढं कर. सरळ पाठीची खुर्ची ठेव, तिच्यापासून तीन मीटरवर फरशीवर खडूची रेघ मार. माईंनी उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. तू बाजूने चाल, वेळ सुधीररावांनी फोनवर लावावी. पंधरा सेकंदांच्या वर गेलं तर डॉक्टरांना दाखवायला हवंच. आधी एकदा नुसतं, मग थोडा दम घेऊन, जवळ राहून, भाज्यांची नावं सांगत. दोन्ही वेळचे सेकंद, आडवं-उभं बीपी, चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो आणि या वर्षात कधी, कुठे, काय करताना पडल्या याची यादी, हे सगळं मला व्हॉट्सॲपवर पाठव. ते हातात आलं की आपण दोघी मिळून ठरवू, न्यूरॉलॉजिस्टकडे आधी जायचं की पडद्यावाल्या केंद्राचा शोध घ्यायचा.